खात्री केली आहे

लारांतुका, २० मे २०१३

नोना केवा,

फोन सोडून पत्र का, म्हणून घाबरू नकोस. घरी सगळे बरे आहेत. पण गेले पंधरा दिवस मी कार्यालयातल्या फोनवर आणि संगणकावर कामाचं अवाक्षर काढत नाही. पोस्टातला माणूस मला हसतो. हसू दे. पत्राला दहा दिवस लागले तरी चालतील.

झालं ते सांगते. पलीकडच्या अडोनारा बेटावरची नोगो, वय एकोणीस. दोन वर्षांपूर्वी एका दलालाने तिला समुद्रापलीकडे, परदेशात सबाला पाम तेलाच्या मळ्यावर नेलं. पासपोर्ट मुकादमाने ठेवून घेतला. मळ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, घरी फोन करायचा तर मुकादम शेजारी उभा. आपल्या मदतकेंद्राच्या साइटवर अशा बायका गुपचूप निरोप लिहितात, ते तुला माहीत आहे. कोपोंग ते उतरवून मला देतो, मी तिकडे सबात तवाऊच्या फादरना कळवते, ते माणूस पाठवतात. तेवीस जणी अशा घरी आल्या. नोगो चोविसावी व्हायची.

तिने लिहिलं होतं, रविवारी प्रार्थनेनंतर मी बाजाराच्या कोपऱ्यावर उभी राहीन, डोक्याला निळा रुमाल बांधीन. शनिवारीच तिला गाडीत घालून कुठेतरी नेलं. रविवारी फादरचा माणूस कोपऱ्यावर गेला तर मुकादमाचे दोघे तिथे वाट बघत होते. त्यांनी त्याला मारलं. मारताना एकजण म्हणाला, "निळा रुमाल शोधतोयस ना?"

म्हणजे निरोप त्यांनी वाचला होता. रुमालाचा रंग नोगोला माहीत, मला माहीत आणि कोपोंगला. शनिवारपर्यंत चौथं कुणी नाही. फादरच्या माणसालासुद्धा मी रविवारी सकाळी सांगितला होता.

नोगोची आई रोज होडीने येते आणि दारातल्या बाकावर बसते. काही विचारत नाही. तिने विचारलेलं मला परवडलं असतं.

कोपोंग हुरिंट अकरा वर्षं माझ्याकडे आहे. पण त्याआधी तो दोन वर्षं एका दलालाच्या कचेरीत होता, आणि गाव असल्या गोष्टी विसरत नाही. मी आजवर त्याची बाजू घेतली. आता मला झोप लागत नाही. भाचीला म्हणून नव्हे, तू या कामातली आहेस म्हणून विचारते. निरोप नोगोच्या फोनातून निघाला आणि आमच्या यंत्रात आला, त्या मधल्या वाटेवर तो कुणाला वाचता येतो का? हो की नाही, एवढंच सांग. मला समजेल असं सांग.

तुझी,
तांता फिना

*

बांडुंग, १ जून २०१३

प्रिय तांता,

पत्र काल मिळालं. नोगोचं वाचून जेवण गेलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, वाचता येत नाही. का ते सांगते.

दोन संगणकांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. नोगोच्या फोनला कसं कळावं की समोर तुमचंच मदतकेंद्र आहे, दुसऱ्या कुणाचं सोंग नाही? म्हणून तुमची साइट आधी एक प्रमाणपत्र पुढे करते. त्यावर तुमचं नाव असतं, तुमची एक जाहीर किल्ली असते आणि खाली आमच्यासारख्या एखाद्या कंपनीची सही असते. त्या जाहीर किल्लीने बंद केलेलं तिच्या जोडीच्या खासगी किल्लीनेच उघडतं, आणि ती खासगी किल्ली तुमच्या यंत्राबाहेर कधी जात नाही. मग फोनात छोटं कुलूप दिसतं.

आता फोनने आमच्या सहीवर तरी विश्वास का ठेवावा? आपल्याकडची एखादी पोर तवाऊला लग्न करते तेव्हा तिथलं चर्च तिच्याकडे इथल्या फादरचं पत्र मागतं की नाही? इथल्या फादरना तिथे कुणी ओळखत नाही. पण पत्रावर बिशपांचा शिक्का असतो, आणि तो सगळे ओळखतात. तसंच हे. फोन बनवणाऱ्यांनी शंभरेक कंपन्यांचे शिक्के फोनात आधीच भरून ठेवलेले असतात. त्यांत आमचा एक आहे. एका खोलीत तिजोरीत आमची मूळ किल्ली असते. ती काढायची तर पाच जण हजर लागतात, कॅमेरा चालू लागतो. आणि सही करण्याआधी मागणारा तोच आहे की नाही, हे माणूस तपासतो. आमच्याकडे त्या माणसांपैकी एक मी.

तुम्हाला सांगायचं राहिलंच होतं. तुमच्या केंद्राचं नवं प्रमाणपत्र या मार्चपासून आमचंच आहे. अर्ज आला तेव्हा मला केवढा आनंद झाला! मी स्वतः तपासलं आणि "खात्री केली आहे" या चौकटीत माझं नाव घातलं. तेव्हा वाटेवरची काळजी सोडा.

वाईट वाटतं लिहायला, पण गळती वाटेवर नसेल तर ती दोन टोकांपैकी एका टोकाला आहे. नोगो स्वतःचा घात करणार नाही. पुढचं तुम्हीच ठरवा.

तुमची,
केवा

*

लारांतुका, १४ जून २०१३

नोना,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. बिशपांच्या शिक्क्याचं लगेच कळलं. तू पूर्वीही वर्गात अशीच समजावून सांगायचीस, बाकीच्या पोरांना.

मी कोपोंगला समोर बसवलं. तो म्हणाला, निरोप माझ्याकडून कुठेही गेला नाही. मग मी त्याला तुझं पत्र दाखवलं. ते प्रमाणपत्राचं वाचून तो म्हणाला, "मी मार्चमध्ये कुणाकडेही अर्ज केलेला नाही. आपलं जुनंच चालू आहे, ते दुसऱ्या कंपनीचं आहे, अजून वर्षभर चालेल."

मी म्हटलं, केवाने स्वतः तपासलंय. ती खोटं बोलते का?

तो म्हणाला, "त्यांना विचारा, इबू फिना, त्यांनी तपासलं म्हणजे कुणाशी बोलणं केलं."

केवा, मला राग आवरला नाही. अर्ज करायचा, माझ्यापासून लपवायचा आणि वर माझ्या भाचीवरच उलटायचं. इतके दिवस शंका होती, त्या क्षणी खात्री झाली. जो इतकी साधी गोष्ट खोटी सांगतो तो बाकीचं खरं कशाला सांगेल? मी त्याच्याकडून कार्यालयाच्या किल्ल्या घेतल्या. दारातल्या बाकावर नोगोची आई बसलेली होती. तिने सगळं ऐकलं. तो तिच्यासमोरून गेला तेव्हा ती उठली आणि त्याच्या पायाशी थुंकली. तो थांबला, तिच्याकडे बघितलं आणि गेला.

दोन दिवसांत ही बातमी पलीकडच्या बेटावरही पोचली. त्याच्या बायकोला बाजारात कुणी मासळी देत नाही म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही असं नाही. पण नोगो कुठे आहे ते अजून कळलेलं नाही, आणि मला आधी तिचं वाईट वाटतं.

तू होतीस म्हणून उलगडा झाला.

तुझी,
तांता फिना

*

बांडुंग, २५ जून २०१३

तांता,

काल फोनवर मी फक्त "साइट बंद करा, बायकांना लिहू नका म्हणावं" एवढंच बोलले. पुढचं तोंडाने सांगण्याचं धैर्य नव्हतं. कोपोंगने निरोप कुणालाही दिला नाही. तो खरं बोलत होता, शब्दन् शब्द.

तुमचं पत्र वाचून मी मार्चचा अर्ज काढला. तुमचं छापील शीर्षपत्र, खाली तुमची सही. ती सही मी लहानपणापासून माझ्या प्रगतिपुस्तकावर बघत आलेय, तरी तेव्हा नीट बघितली नाही. तुम्ही "फ"ची शेपूट खाली ओढता. त्या कागदावर ती नव्हती.

नियम असा आहे की कार्यालयाचा फोन नंबर आम्ही स्वतः शोधायचा, सरकारी नोंदीतून, आणि त्यावर फोन करायचा. अर्जात लिहिलेल्या नंबरावर करायचा नाही. शिवाय अर्जदाराला त्याच्या साइटवर आम्ही दिलेली एक खूण ठेवायला सांगायची, म्हणजे साइट त्याच्याच ताब्यात आहे हे कळतं. मी दोन्ही केलं नाही. तो पवित्र आठवड्यातला बुधवार होता, संध्याकाळची वेळ. मी अर्जातल्याच नंबरावर फोन लावला. एका माणसाने उचलला. तो आपल्याकडचं बोलत होता, तांता. आपल्या गल्लीतला असावा असं. म्हणाला, "इबू फिना चर्चला गेल्यात. आज रबू त्रेवा, कार्यालयात कोण सापडणार? ऐका." आणि त्याने फोन बाहेर धरला. त्या दिवसाच्या रिवाजाप्रमाणे रस्त्यावरून पोरं लोखंडी पत्रे फरफटत नेत होती, तो खडखडाट मला ऐकू आला.

सहा वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्या माणसाला विचारलं, मिरवणुकीला गर्दी किती आहे, समुद्र कसा आहे. तो सगळं सांगत बसला. साइटवर खूण ठेवायचं मी म्हटलं तर म्हणाला, ते बघणारा माणूस सुट्टीवर आहे. मी म्हटलं, राहू दे, माझ्या तांतांचंच केंद्र आहे. आणि चौकटीत नाव घातलं.

त्या प्रमाणपत्राच्या जोडीची खासगी किल्ली त्या माणसाकडे होती. मळ्यावरच्या चाळीला मुकादमाने फुकट इंटरनेट दिलंय, त्या वाटेवर त्याने आपलं यंत्र बसवलं. नोगोच्या फोनने विचारलं, तू लारांतुकाचं मदतकेंद्र का? त्या यंत्राने माझ्या सहीचं प्रमाणपत्र पुढे केलं. फोनने कुलूप दाखवलं. तिचं लिहिलेलं त्या यंत्राने उघडलं, वाचलं आणि तुमच्याकडे पाठवून दिलं, म्हणून तुम्हालाही काही कळलं नाही.

आमचे साहेब, बापाक सुहेरमान, यांना मी सांगितलं. प्रमाणपत्र रद्द केलंय. ते म्हणतात, झालं, प्रकरण संपलं. मलाही ते संपावंसं वाटतं.

कोपोंगना काय सांगायचं ते मला सुचत नाही.

केवा

*

लारांतुका, ९ जुलै २०१३

केवा,

कोपोंगला काही सांगता येणार नाही. तो इथे नाही.

पत्र मिळालं त्याच दिवशी मी त्याच्या घरी गेले. त्याची बायको ओसे अंगणात मका कांडत होती. तिने मला बस म्हटलं नाही. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ती कांडतच राहिली. शेवटी म्हणाली, "तो अठरा तारखेच्या बोटीने नुनुकानला गेला, तिथून पुढे सबाला. म्हणाला, पोरगी सापडल्याशिवाय या गावात मला तोंड नाही. तिकडे मळ्यांवर पामचे घड उचलायला माणसं लागतात, तसा कामाला लागेन आणि शोधेन. इबू, तो बेचाळीस वर्षांचा आहे. पाठ दुखते त्याची."

मी म्हटलं, त्याला परत बोलावूया. ती म्हणाली, कुठे बोलावणार? त्याचा फोन लागत नाही.

तुला मी काय म्हणू? तू चूक केलीस, ती मायेपोटी केलीस. मी केली ती कशापोटी? अकरा वर्षं जो माणूस माझ्यासमोर बसून जेवला, त्याचा शब्द मी पाच मिनिटांत टाकून दिला. तुझी चूक माझ्या चुकीहून मोठी की लहान, हे बसून मोजत नाही मी.

पण तुझ्या पत्रातलं शेवटचं मला पटलं नाही. प्रकरण संपलं म्हणतेस. ज्याने आमच्या नावाने अर्ज केला त्याने दुसऱ्या कुणाच्या नावाने केला नसेल? तू बघितलंस का? आणि तुम्ही रद्द केलं हे त्या मळ्यातल्या फोनांना कुणी सांगितलं?

बघ आणि लिही.

तांता फिना

*

बांडुंग, २० ऑगस्ट २०१३

तांता,

बघितलं. तशी आणखी चार खोटी प्रमाणपत्रं आहेत. एक कुपांगच्या निवाऱ्याचं, एक मकास्सरच्या वकिलांच्या संस्थेचं, दोन नुनुकानची. सगळे मजुरांसाठी काम करणारे. दोन अर्ज मी तपासले होते, दोन माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाने. चारही वेळा फोनवर माणूस ज्या गावचा हवा त्या गावचंच बोलला.

आणि तुमचा दुसरा प्रश्न बरोबर होता. आम्ही रद्द झालेल्यांची यादी लावतो, पण बरेचसे फोन ती यादी उघडूनही बघत नाहीत. फोन आणि ब्राउझर बनवणाऱ्यांनी स्वतः आतून बंद केलं तरच बंद होतं. त्यासाठी त्यांना उघडपणे कळवावं लागतं, सगळ्या जगाला वाचता येईल अशा ठिकाणी.

मी बापाककडे गेले. ते मला म्हणाले, "केवा, चोर आपण हाकलला. आता दवंडी कशाला? एकदा हे बाहेर गेलं की आपला शिक्का काढून टाकतील. एकतीस माणसं आहेत इथे."

मी म्हटलं, बाकीच्यांना आपलं दार उघडं आहे हे कळणार कसं? त्यांनी समोरची फाइल मिटली. मी म्हटलं, सोमवारी मी पाठवणार आहे. तुमची सही असली तर कंपनीचं म्हणून जाईल, नसली तर माझं म्हणून.

सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर कागद होता, खाली त्यांची सही. तेव्हापासून ते माझ्याशी कामापलीकडे बोललेले नाहीत. दुपारच्या जेवणाला आम्ही सगळे एका टेबलावर बसायचो. आता मी गेले की ते ताट घेऊन उठतात.

तीन आठवड्यांत निकाल आला. आमचा शिक्का सगळीकडून निघाला. ज्यांनी ज्यांनी आमच्याकडून प्रमाणपत्रं घेतली, त्या बँका, शाळा, दवाखाने, सगळे दुसरीकडे गेले. कंपनी बंद होते आहे.

गेल्या शुक्रवारी मूळ किल्ली नष्ट केली. तशी रीतच आहे. साक्षीदारांत माझं नाव बापाकनीच घातलं. ती बिनखिडकीची खोली, समोर कॅमेरा. तिजोरी उघडली, यंत्र टेबलावर ठेवलं. एकजण एकेक पायरी मोठ्याने वाचत होता, आम्ही आपापलं कार्ड घालत होतो. आवाज नाही, धूर नाही. पडद्यावर एक ओळ आली की आत आता काही नाही. मग कार्डं कापायच्या यंत्रात घातली. बापाकनी आपलं कार्ड घालायच्या आधी जरा वेळ हातात धरलं. नऊ वर्षांपूर्वी ही किल्ली त्यांच्यासमोर तयार झाली होती. वेळ लिहून आम्ही सह्या केल्या. माझी सही चौकटीबाहेर गेली, तर तो वाचणारा म्हणाला, "सही नीट करा, ताई. ही पण तपासतात."

त्या फोनवर बोलणाऱ्या माणसाला पोलीस शोधताहेत. अजून सापडलेला नाही.

मी इथे राहून काय करू ते कळत नाही. घरी यावं असं वाटतं आणि येऊ नये असंही वाटतं. कोपोंगची काही खबर?

केवा

*

लारांतुका, ११ नोव्हेंबर २०१३

नोना केवा,

तुला इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला काही नव्हतं. आता आहे.

नोगो सापडली. कोपोंगने शोधली.

तो चार महिने या मळ्यावरून त्या मळ्यावर घड उचलत फिरला. दर ठिकाणी अडोनाराची माणसं गाठायची, संध्याकाळी त्यांच्यात बसायचं, विचारायचं. सहाव्या मळ्यावर एका म्हातारीने सांगितलं, आत जंगलाच्या कडेला रोपांची वाडी आहे, तिथे एक मुलगी आहे, आमच्याकडचं गाणं म्हणते. तो तिथे गेला. तिला त्याचं नाव माहीत होतं, तोंड माहीत नव्हतं. तिने विचारलं, तुम्ही कोपोंगच कशावरून? तो म्हणाला, मला पटवता येणार नाही, तू ठरव. ती रात्रभर विचार करत राहिली म्हणाली. सकाळी ती त्याच्याबरोबर निघाली. बारा किलोमीटर चालून ते तवाऊच्या फादरांकडे पोचले.

परवाच्या बोटीने दोघं आले. नोगोच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आहेत, औषध फवारायच्या यंत्रात. ती फार बोलत नाही. तिची आई धक्क्यावर गेली, पोरीला तिने आधी हात लावला नाही. आधी ती कोपोंगकडे गेली आणि त्याच्या पायाशी बसायला लागली. त्याने तिला खाली बसूच दिलं नाही.

काल रविवारी प्रार्थना संपल्यावर मी फादरांची परवानगी घेऊन पुढे उभी राहिले. म्हटलं, मी कोपोंग हुरिंटवर चोरीहून वाईट आळ घेतला. तो खोटा होता. ज्यांनी माझ्यामुळे त्याच्या घराकडे पाठ फिरवली त्यांनी आता माझ्याकडे फिरवावी. बाहेर आल्यावर मासळीवाली ओसेच्या टोपलीत न मागता दोन मासे टाकून गेली. ओसेने ते काढून परत दिले.

मी कोपोंगला म्हटलं, कामावर ये. खुर्ची रिकामी आहे. तो म्हणाला, नाही.

मी म्हटलं, मी चुकले, मला त्या कुलपाचं काही कळत नव्हतं.

तो रागावला नव्हता, केवा. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "कुलपाचं मलाही पूर्ण कळत नाही, इबू. पण तुम्ही मला अकरा वर्षं ओळखत होता."

तो आता कुपांगच्या निवाऱ्यात काम करणार आहे. ज्यांच्या नावाने ते दुसरं प्रमाणपत्र गेलं होतं, तेच. तू जगाला कळवलंस म्हणून त्यांना कळलं, आणि त्यांना निरोप लिहिणाऱ्या दोन मुली मळ्यावरून वेळेवर निघाल्या, असं त्यानेच मला सांगितलं. तुला कळवायला सांगितलं त्याने.

तू विचारलं होतंस, घरी येऊ का. माझ्याकडून तुला माफी आहे, असं मी लिहून पाठवू शकले असते. तीन दिवस तसं पत्र माझ्या टेबलावर होतं. ते फाडलं. नोगोच्या वतीने मी तुला काही देऊ शकत नाही, तिच्या आईच्या वतीने नाही, ओसेच्या वतीने तर नाहीच. ती माणसं इथे आहेत. त्यांच्यासमोर तुलाच उभं राहावं लागेल, आणि ती काय म्हणतील ते मला माहीत नाही.

मी दार उघडीन, एवढं माझ्या हातात आहे. कुपांगहून बोट शुक्रवारी निघते. ये.

तांता फिना